विरोधात एक

सुखदेव,

तुझ्या श्रद्धांजली सभेला खुर्च्या कमी पडल्या. आपल्या रविवारच्या सभेला त्या कधी कमी पडल्या नाहीत. तिथे एका सतरंजीचाही अर्धा भाग गुंडाळलेलाच राहायचा. हॉल तोच, तुझ्या वॉर्डातलं समाजभवन. पंखाही तोच, दर फेरीला कण्हणारा. फक्त या वेळी माईक होता, आणि माईकवरून तुझ्याबद्दल इतकं गोड बोललं जात होतं की शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "भाईसाब, ये वही हैं ना, जो सबसे बहस करते थे?"

"हां, वही," मी म्हणालो.

"तो ये लोग किसकी बात कर रहे हैं?"

त्या दिवशी तुझ्याबद्दल खरं असं तेवढंच बोललं गेलं. बाकीचे दोन तास तू प्रेरणास्थान होतास.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. तुला कळवायचं म्हणून लिहितो आहे असं म्हटलं तर तू हसशील. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्यांची आपण दोघांनी कमी टिंगल केलेली नाही. पण त्या सभेत माझ्या हातून एक गोष्ट झाली, म्हणजे व्हायला हवी होती ती झाली नाही, आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

आपली ओळख धुळीतून झाली. मी बालाघाटच्या वाचनालयात ग्रंथपाल, तू भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत हजेरीबाबू. पाळी संपवून सायकलवर आलास आणि घटना समितीच्या चर्चेचे हिंदी खंड मागितलेस. ते सगळ्यात वरच्या फळीवर होते. शिडी लावून मी पहिला खंड ओढला आणि दोघांच्या डोक्यावर धूळ बरसली. तू शर्ट झटकत म्हणालास, "आमच्याकडे काळी रायते. तुमची पांढरी. पगार मात्र दोघायले बसून."

मी चिडून विचारलं, "हे नेऊन करणार काय? आजवर कोणी नेले नाहीत."

"म्हणूनच तं नेऊन राह्यलो. कोणी नेले नाई तरी सगळे शपथा याच्याच घेऊन राह्यले."

मी कार्डावर शिक्का मारला. पंधरा दिवसांनी तू खंड परत आणलास तो पानापानांत कागदाच्या चिठ्ठ्या घालून, आणि माझ्याशी भांडायला लागलास, जणू तो मसुदा मीच लिहिला होता. त्या दिवसापासून आपण मित्र. मी आयुष्यभर पुस्तकं सांभाळली, पण पुस्तकाशी भांडता येतं हे मला तू दाखवलंस. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, "भाषण नको देऊ बे, चहा सांग."

चहावरून आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलो कधी होतो?

ओळख होऊन वर्ष झालं असेल. मी तुला लांजीकडच्या आमच्या गावी घेऊन गेलो. धानाची कापणी चालू होती. ओसरीवर बसलो. आईनं विचारलं, "कोनाचे होत बापू तुमी?" तू नाव सांगितलंस, आडनाव सांगितलंस. आई आत गेली. माझा चहा बशीसकट आला. तुझा आला तो कान तुटलेल्या कपात, जो आमच्या मागच्या भिंतीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. मला तो कप ओळखू आला. तुलाही आला, तू तर तो याआधी पाहिलाही नव्हतास. तू चहा प्यायलास, उठलास, अंगणातल्या टाकीवर कप विसळलास आणि पालथा घातलास. आईला म्हणालास, "चहा चांगला झालता माय."

मी काही बोललो नाही. तेव्हा नाही, परतीच्या बसमध्ये नाही. तू खिडकीतून धानाचे ढीग मोजत बसलास आणि मी तिकीट चार वेळा घडी करून चार वेळा उलगडलं.

सभा तू त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू केलीस, निवृत्त झाल्यावर. दर रविवारी दुपारी चारला, घटनेचं एक कलम, कधी दोन-तीन रविवार तेच. त्यावर दिल्लीत काय चर्चा झाली ते तू हिंदी खंडातून वाचायचास आणि आपल्या बोलीत सांगायचास. मग आपण पुन्हा मतदान घ्यायचं. "त्याईनं मंजूर केलं ते त्याईच्यासाठी. आपल्याले कोनं विचारलं?" असं तुझं म्हणणं. त्यांना जवळपास तीन वर्षं लागली, आपल्याला एकोणीस. त्यांच्यामागे अख्ख्या देशाची घाई होती. आपल्यामागे फक्त कौसल्यावहिनींची, कारण साडेपाचला नळ यायचा.

तुझे नियम कडक होते. बोलणाऱ्या सदस्याचं नाव मतदान होईपर्यंत सांगायचं नाही. पहिल्या महिन्यात तू नावं सांगायचास, तर एका नावाला अर्धी सतरंजी हात जोडायची आणि दुसऱ्या नावाला उरलेली अर्धी तोंड फिरवायची. ऐकायचं कोणीच नाही. म्हणून नावं बंद. त्यावरून ते पाठकबाबा आठवतात? एका सदस्याचं म्हणणं ऐकून मांडीवर थाप मारत होते. "वाह! ऐसा आदमी चाहिए देश को!" मतदान झालं, तू नाव सांगितलंस. ज्याला बाबा जन्मभर शिव्या घालत आले तोच निघाला. बाबा उठले, चपला शोधल्या आणि दारातून ओरडले, "धोखा दिया रे तूने मेरे को!" दोन महिने आले नाहीत. तू म्हणालास, "त्याईच्या आयुष्यात त्याईनं एकदाच खरं मत दिलं, अन तेच त्याईले सहन नाई झालं."

त्या खंडांतली माणसं मला आवडायला लागली ती तुझ्यामुळे. चौकातल्या पुतळ्यांत एकही जण दुसऱ्याचं बोलणं ऐकताना दिसत नाही. सगळे कुठेतरी लांब पाहत असतात. खंडांत मात्र ते एकमेकांकडे पाहून बोलतात, चिडतात, कंटाळतात, शब्द मागे घेतात. हजारो दुरुस्त्या सुचवतात आणि बहुतेक हरतात. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी दुरुस्ती घेऊन उभा राहतो. हे हरलेले लोक तुझे लाडके. "जिंकलेल्याचा पुतळा होते," तू म्हणायचास, "हरलेल्याचं म्हणणं वहीतच रायते. म्हणून वही पायजे."

आणि म्हणून दुसरा नियम: तीन माणसांशिवाय सभा भरायची नाही. एक बाजूनं बोलणारा, एक विरोधात बोलणारा, एक लिहिणारा. विरोधाशिवाय मंजूर झालेलं काहीही तुला मंजूर नव्हतं. विरोध करणं माझ्याकडे आलं, कारण तुझ्या मते माझ्या चेहऱ्यावर तो जन्मतःच होता. एकोणीस वर्षं तू मला "काय विरोधी पक्ष" अशीच हाक मारलीस. लिहायला वहिनी, शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर असं की कलेक्टर कचेरीतल्या बाबूंनी येऊन पाहावं. "बाजूनं इतके, विरोधात एक." तो एक बहुधा मीच. पटो न पटो, मी मुद्दे काढायचो, आणि मला त्याची चटक लागली. कोणाचं काही बिघडत नसेल तेव्हा विरोध करण्यासारखं सुख नाही.

मग अस्पृश्यता संपवण्याचं कलम आलं.

मी म्हणालो, "यावर मी विरोधात बोलणार नाही. हे काय बोलण्याचं कलम आहे?"

तू म्हणालास, "तिकडं दिल्लीतही टाळ्यायच्या गजरात पास झालं. कोणीच विरोध नाई केला. मंग गावात कप वेगळा ठेवते कोन?"

सतरंजीवर सात-आठ माणसं होती. पंखा कण्हत होता. तू माझ्याकडे बघत नव्हतास, खंडाकडे बघत होतास. "बोल ना. तुह्या घरी जे बोलतात तेच बोल. त्याईचंही कोणी मांडलं पायजे. नाई मांडलं तं ते मनात रायते, अन मनातलं कलम कोणत्याच सभेत रद्द होत नाई."

मी बोललो. कोनाड्यातल्या कपाबद्दल बोललो. आई काय म्हणायची ते तिच्याच शब्दांत सांगितलं, की बापू, माणूस चांगला आहे, पण आपल्याला गावात राहायचं आहे. दहा मिनिटं बोललो असेन. मतदानाला मी तुमच्या बाजूनं हात वर केला, तर तू म्हणालास, "नाई. ज्याच्या तर्फे बोलला त्याच्या तर्फे मत. लिहा वो." वहिनींनी लिहिलं: विरोधात एक. पुढे माझं नाव.

ती ओळ खोड, असं मी तुला किती वेळा म्हटलं असेल! कधी चिडून, कधी थट्टेत, एकदा तर चक्क लेखी अर्ज केला. तू अर्जही वहीत चिकटवलास. "खाणीत चाळीस वर्ष हजेरी घेतली मी. लागलेली हजेरी खोडत नसतो. अन तुले खोडायचंच असन, तं पयले घरचा कप फोड."

आई गेली, घर बंद झालं. कप अजून कोनाड्यात आहे. मी दर वर्षी धानाच्या वेळी जातो, दार उघडतो, कप पाहतो आणि परत येतो. फोडणं सोपं आहे. पण फोडला की तुला येऊन सांगावं लागलं असतं, आणि मग त्या बसमधल्या गप्प बसण्याबद्दलही बोलावं लागलं असतं.

सभा कशी आटली हे तुला माहीत आहे. म्हातारे गेले. तरुण आले ते फोटो काढून गेले. मराठी बोली त्यांना समजते, पण हसू येतं. मग तू हिंदीत सांगायला लागलास, तेव्हा ते म्हणाले की छोटा सा वीडियो बना दीजिए. शेवटची दोन-तीन वर्षं आपण तिघंच. तू, मी, वहिनी. बरोबर गणसंख्येपुरते. एखाद्या रविवारी मला ताप असला तर घटना थांबायची. कधीकधी गणसंख्येवाचून दिल्लीतल्या सभेलाही अडावं लागल्याचा उल्लेख तुला एका खंडात सापडला, तेव्हा तुला झालेला आनंद मी पाहिला आहे. "पाह्य! तेही असेच होते!"

या वर्षी सगळी कलमं संपली. उरली फक्त उद्देशिका. तिथेही ती सगळ्यात शेवटी मताला टाकली होती, म्हणून तूही ती राखून ठेवली होतीस. "आधी घर बांधा, मंग दारावर नाव टाका." आणि घर झालं तेव्हा तुझा श्वास अडकायला लागला.

गोंदियाच्या दवाखान्यात तू नाकात नळी घालून पडला होतास. मला म्हणालास, "उद्देशिका मताले टाक. वही बंद होऊ देऊ नको."

"तिसरा माणूस कुठून आणू?"

"तू, कौसल्या, अन आणखी एक. एवढ्या मोठ्या बालाघाटात तुले एक माणूस भेटत नाई?"

"शोधतो."

"अन तू काय मत देशीन? आता तं बाजूनं देशीन ना?"

त्या वेळी मला कपाचं बोलायचं होतं. माफी मागायची होती म्हण. शब्द तयार होते, वाटेत बसमध्ये जुळवले होते. मी म्हणालो, "मत गुप्त असतं."

तू हसलास आणि तुला खोकला आला. नर्सनं मला बाहेर काढलं. एवढंच.

मी शोधला, सुखदेव. खरंच शोधला. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "अंकल, मराठी लिखा हुआ पढ़ा नहीं जाता मेरे से." माझा स्वतःचा मुलगा म्हणाला, "बाबा, आता कायले?" एक जण तयार झाला, मग त्यानं विचारलं की कोणती पार्टी आहे. एवढ्या मोठ्या बालाघाटात एक माणूस मिळाला नाही, आणि तेवढ्यात तू गेलास.

आता त्या सभेचं.

समाजभवनाच्या अध्यक्षांनी ठराव वाचला. तुझ्या स्मरणार्थ समाजभवनाचा तो हॉल स्मृती दालन होणार. समोरच्या भिंतीवर उद्देशिकेची संगमरवरी शिला, खाली देणगीदारांची नावं, त्याच मापाच्या अक्षरांत. मधोमध काचेची पेटी आणि पेटीत तुझी वही. दालन एरवी कुलपात. वर्षातून एकदा, संविधान दिनी, पाहुण्यांच्या हस्ते उघडायचं. वही तुझ्या मुलानं रायपूरहून आल्याबरोबर त्यांना दिली होती. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बापाचा मान होतो आहे असं त्याला वाटलं. वहिनींना कोणी विचारलं नाही. त्या बायकांमध्ये खाली मान घालून बसल्या होत्या.

जी उद्देशिका तू अजून मतालाच टाकली नव्हतीस, ती दगडात कोरायला गेलेली होती.

"सर्वसम्मति से पारित माना जाए?" अध्यक्षांनी विचारलं आणि टाळ्या सुरू झाल्या.

मी हात वर केला. हे मात्र लिहून ठेव. एकोणीस वर्षांच्या सवयीनं म्हण, तुझ्यासाठी म्हण, पण खांद्यापासून सरळ वर केला. दीडशे माणसांत एकच हात. पहिल्यांदाच माझ्या विरोधानं कोणाचं तरी काही बिघडणार होतं.

माईकवाल्याला तो दिसला. तो घाईघाईनं म्हणाला, "अरे, बोपचे सर रह गए! चाचाजी को हार दो, हार दो!"

कोणीतरी माझ्या त्या वर केलेल्या हातात झेंडूचा हार ठेवला. लोकांनी वाट करून दिली. मला बोलता आलं असतं. "मी हारासाठी नाही, विरोधासाठी हात वर केला," एवढंच वाक्य; तेही हिंदीत, त्यांना कळेल असं. मी चालत गेलो. तुझ्या फोटोला हार घातला. "चाचाजी, इधर देखिए," फोटोवाला म्हणाला. मी तिकडे पाहिलं.

ओसरीवर गप्प बसलो होतो, तसाच.

काल रविवार होता. चार वाजता पाय आपोआप निघाले. हॉलला नवं कुलूप होतं, म्हणून तुझ्या घरी गेलो. वहिनींनी समोरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती, अर्धी गुंडाळलेली. पेन हातात घेऊन बसल्या होत्या.

"या भाऊजी. बसा."

मी बसलो. आम्ही दोघं. तुझ्याच नियमानं सभा भरत नव्हती.

त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुमी बोलले काहून नाई? मी तुमच्याकडंच पाहून राह्यलती."

"हात वर केलता, वहिनी."

"मंग?"

"त्याईनं हातात हार देल्ला."

वहिनी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडाशी धरून, खांदे हलेपर्यंत. मीही हसलो. मग त्यांचं हसणं दुसरीकडेच वळलं आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. माझ्या नावापुढची ती ओळ आता कधी खोडली जाणार नाही, कप फोडला तरी. तुला हवं होतं तसंच झालं.

डोळे पुसून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "काय लिहू? हे म्हणत, तीन माणसं नसले तं तहकूब लिहायचं. पुढं भरणार असन तं तहकूब, नसन भरत तं बरखास्त."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिसरा माणूस नाही हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

"तहकूब लिहा," मी म्हणालो.

तुझ्या सभेत एकोणीस वर्षांत मी खोटं नोंदवायला सांगितलं ते हे एकदाच. वहिनींनी मान हलवली आणि वही घ्यायला हात मागच्या फळीकडे नेला. फळी रिकामी होती. हात थोडा वेळ तिथेच राहिला.